धावण्याआधीचं

उदेसिंग सरांनी मोटारसायकलच्या मागे बांधलेली ती काळी, जाडजूड नळी सोडली, तेव्हा इसहाकला वाटलं, कुणाच्या तरी पंपाचं सामान असेल. लांबीला हातभर, आतून पोकळ, बाहेरून स्पंजासारखी. पण दाबून पाहिली तर दबत नव्हती.

"हे कशाला, सर?"

"तुमच्या पोरीच्या पायांसाठी. फोम रोलर म्हणतात याला. धावण्याआधी पाय यावर लाटायचे."

इसहाक हसला. "म्हणजे लाटणं खाली आणि पोळी वर?"

"तसंच समजा," सर म्हणाले आणि तेही हसले.

खांडबाऱ्याच्या शाळेमागच्या मैदानावर सकाळी सकाळी हे बोलणं चाललं होतं. प्रिस्किला बाजूला उभी राहून बुटांच्या नाड्या बांधत होती. वय एकोणीस. अंगानं काटकुळी, पण पाय असे की, बघणाऱ्यानं बघत राहावं. गेल्या हिवाळ्यात राज्याच्या स्पर्धेत ती पंधराशे मीटरमध्ये तिसरी आली होती. त्याआधी नवापूरच्या डोंगरातल्या त्यांच्या पाड्यावर कुणी धावताना दिसलं, की लोक विचारायचे, "बैल सुटला का?" आता लहान पोरी शाळेतून येताना उगाचच धावत यायच्या, आणि कुणी विचारलं तर म्हणायच्या, "प्रिस्किला धावते ना!"

सरांनी सतरंजी अंथरली. प्रिस्किलाला बसवलं, नळी तिच्या पोटरीखाली सरकवली. दोन्ही हात मागे टेकून, कंबर जमिनीवरून थोडी उचलून तिनं स्वतःला पुढे-मागे सरकवायचं होतं. हळू. एखाद्या जागी दुखलं, तर तिथंच थांबून श्वास सोडायचा. मग मांडीची मागची बाजू, मग पुढची.

"एक लक्षात ठेवा," सर म्हणाले. "यानं अंग तापत नाही. अंग मोकळं होतं. तापवायचं काम त्यानंतरच्या सावकाश धावण्याचं. हे झालं की ते, ते झालं की टाचा-गुडघे उचलायचे, आणि मग खरी धाव. उलटसुलट करायचं नाही."

जाताना त्यांनी इसहाकच्या खांद्यावर हात ठेवला. सर मूळचे खालच्या सपाटीवरच्या गावचे. मनापासून बोलायचं झालं की अहिराणीत उतरायचे. "इसहाकभाऊ, तुमनी पोर सोनं शे. जपा तिले."

इसहाक जपणार नाही तर कोण? पण खरं सांगायचं, तर पोरीची आणि त्याची ओळखच उशिरा झाली होती. तिच्या लहानपणी दरवर्षी पाऊस सरला की तो आणि त्याची बायको गंगीबाई ऊसतोडीला गुजरातेत जायचे, आणि प्रिस्किला मामाकडे राहायची. उन्हाळ्यात परत आलं की पोर अंगणात उभी असायची. थोडी उंच झालेली, थोडी लाजरी, दारात पाहुणे आल्यासारखी बघणारी. पुढे गावाजवळ बंधारा झाला, भातामागून हरभरा निघू लागला, तोडीला जायची गरज उरली नाही. पण तोवर पोर बारा-तेरा वर्षांची झाली होती. तिच्याशी काय बोलावं, हेच इसहाकला कळेना.

ती नळी आली आणि बोलणं सुरू झालं.

पाड्यावरून मैदानापर्यंत पोरीला एकटीला अंधारात कसं सोडायचं, म्हणून तो रोज मोटारसायकलवर घेऊन जायचा. ती सतरंजीवर बसली की तो समोर उकिडवा बसायचा. एका पोटरीवर दुसरा पाय आडवा टाकला की भार वाढतो, हे सरांनी दाखवलं होतं. पुढे तो पायाऐवजी स्वतःचा तळहात ठेवायचा, अगदी बेतानं. त्या वेळात दोघं बोलायची. घरातल्या मावची बोलीत, हळू आवाजात. तोडीच्या फडात रात्री बिबट्या आला होता, ती गोष्ट त्यानं तिला इथं सांगितली. मामी तिला भाकरीवर गूळ लपवून द्यायची, हे तिनं त्याला इथं सांगितलं. एकदा तिनं विचारलं, "आबा, तिकडे असताना तुला माझी आठवण यायची?"

इसहाकचा हात तिच्या पोटरीवर तसाच राहिला. "यायची," तो म्हणाला. "म्हणून तर संध्याकाळी लवकर झोपायचो."

तिनं दुसऱ्या पायाखाली नळी सरकवली.

ती सकाळ आणि ती सतरंजी इसहाकला रविवारच्या प्रार्थनेइतकी जवळची झाली. गंगीबाई चिडवायची, "बापलेक धावायला जातात की गप्पा हाणायला?"

पावसाळा गेला, भात कापून झालं, आणि प्रिस्किलाचा वेग पडायला लागला.

आधी थोडासा. सर घड्याळ बघून ओठ चावायचे आणि म्हणायचे, "होतं असं. अंग जड आहे आज." मग रोजच जड राहायला लागलं. पोटऱ्या दुखायच्या, हाताला टणक लागायच्या, सुजल्यासारख्या. सरांनी वॉर्मअप वाढवला. रोलर सकाळी होताच, आता संध्याकाळीही सुरू झाला. इसहाक जीव ओतून हात ठेवायचा. त्याला मनोमन वाटायचं, कुठंतरी एक गाठ आहे. ती आज सुटेल, उद्या सुटेल. जमिनीत खडक लागला तरी पहारीनं सुटतो, मग पोरीच्या पायातली गाठ काय मोठीशी!

ती मात्र पडायला लागली. सपाट मैदानावर, काही आडवं नसताना. पहिल्यांदा पडली तेव्हा मैत्रिणी हसल्या, तीही हसली. पुढच्या वेळी कुणी हसलं नाही. गंगीबाईनं दृष्ट काढली. सर एकदा रागावले, "रात्री फोन बघत बसतेस का? झोप होत नाही तुझी!" प्रिस्किलानं मान खाली घातली. घरी येताना मोटारसायकलवर मागून तिचा आवाज आला, "आबा, मी नाही बघत फोन. शपथ."

"मला माहीत आहे," इसहाक म्हणाला. गाडीच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

मग एक सकाळ आली. थंडी होती, मैदानावर धुकं होतं. राज्याच्या स्पर्धेची तयारी म्हणून सरांनी सगळ्या मुलींना एकत्र बोलावलं होतं. रोलर झाला, सावकाश धावून झालं. सरांनी मुलींना एका रांगेत उभं केलं आणि शिट्टी वाजवली. "टाचा वर! चवड्यावर उभ्या राहा. वर... आणि खाली."

इसहाक मागच्या बांधावर बसला होता. त्याला मुलींच्या पाठी दिसत होत्या आणि खाली बुटांची रांग. शिट्टी झाली, सगळ्या टाचा एकदम जमिनीवरून उठल्या. मधे दोन टाचा तशाच जमिनीला चिकटलेल्या राहिल्या.

तो ओरडला, "प्रिस्किला, टाचा उचल गं!"

तिनं मान वळवून पाहिलं. चेहऱ्यावर नवल होतं. "उचलल्यात ना, आबा!"

रांगेतल्या मुली खाली बघायला लागल्या. सरांच्या तोंडातली शिट्टी गळून छातीवर लोंबकळली. प्रिस्किलानंही वाकून आपल्या पायांकडे पाहिलं. मग तिनं पुन्हा जोर लावला. तिच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या इसहाकला बांधावरून दिसल्या. मुठी वळल्या, खांदे वर गेले, सगळं अंग वर गेल्यासारखं झालं. टाचा मात्र जमिनीवरच.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि यकृत बिघडल्याचं सांगितलं. कावीळ असावी, म्हणाले. गंगीबाईनं तेल-तिखट बंद केलं, रोज उसाचा रस पाजला, शेजारच्या गावातल्या म्हातारीकडून झाडपाल्याची माळ आणून गळ्यात घातली. पण पोरीचे डोळे कधी पिवळे झालेच नाहीत. आणि घराच्या उंबऱ्यावर चढताना ती आता दाराची चौकट धरायला लागली होती.

सरच म्हणाले, "सुरतेला न्या. मोठ्या दवाखान्यात."

सुरतेचे डॉक्टर पन्नाशीचे, शांत. ते गुजरातीत बोलले. उसाच्या फडात काढलेल्या वर्षांमुळे इसहाकला ती भाषा कळत होती. त्यांनी प्रिस्किलाला टाचांवर चालायला लावलं, ते तिला जमलं. चवड्यांवर चालायला लावलं, ते जमलं नाही. मग त्यांनी तिच्या पोटऱ्या बोटांनी दाबून पाहिल्या. इसहाकला वाटलं, हा माणूसही तीच गाठ शोधतोय. डॉक्टरांनी रक्त कुठंतरी लांब तपासणीला पाठवलं आणि दीड महिन्यानं परत यायला सांगितलं.

दुसऱ्यांदा गेली ती तिघंही गेली. डॉक्टरांनी दार लावून घेतलं.

आजाराचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. ते इसहाकच्या कानात शिरलंच नाही. बाकीचं मात्र एकेक शब्द शिरलं. हा स्नायूंचा आजार आहे. जन्मापासून अंगात असतो, पण अठरा-वीस वर्षं काही दाखवत नाही. उलट अशी मुलं कितीदा तरी खेळात सगळ्यांच्या पुढे असतात. मग पोटऱ्यांपासून सुरुवात होते. स्नायू झिजत जातात आणि झिजलेला भरून येत नाही. यकृताला काही झालेलं नव्हतं. रक्तात दिसलं ते झिजलेल्या स्नायूंचं होतं.

"औषध?" इसहाकनं विचारलं.

"थांबवणारं अजून नाही."

इसहाकला पुढचं विचारायचं होतं, पण धीर होत नव्हता. शेवटी म्हणालाच, "साहेब, आम्ही रोज पाय लाटायचो. तो काळा रोलर असतो ना, त्यावर. मी वरून हात दाबायचो. त्यानं झालं का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नाही, भाई. त्यानं झालेलं नाही. आणि त्यानं थांबलंही नसतं."

पहिलं वाक्य ऐकून इसहाकला हायसं वाटायला हवं होतं. पण त्याला लागलं ते दुसरं. इतक्या सकाळी, इतके हात, इतका जीव. त्या सगळ्याला पोरीच्या पायात पोहोचायला वाटच नव्हती.

गंगीबाई पदर तोंडाशी धरून बसली होती. डॉक्टरांनी सांगितलं, की हा दोष निम्मा आईकडून, निम्मा बापाकडून येतो. दोघांना स्वतःला काही होत नाही, दोघांना माहीतही नसतं. इसहाकनं ते तिला मावचीत सांगितलं. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग दुसरं काही चांगलं द्यायला नव्हतं का आपल्याकडे?"

आता प्रिस्किलानं सरळ डॉक्टरांना विचारलं, हिंदीत, शाळेत पाहुण्यांशी बोलतात तसं. "सर, मी स्पर्धेत धावू शकते?"

"जोरात धावशील तितकं नुकसान जास्त, बेटा. चालायचं. रोज, थोडं थोडं. दमेपर्यंत नाही."

"आणि चालायचं किती वर्षं?"

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. खोटं बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं असावं. "कुणी दहा वर्षं, कुणी वीस. तुझं मला आत्ता सांगता येणार नाही."

ती उठली, नमस्कार केला, आणि आईला हात देऊन उठवलं.

परतीची गाडी खांडबाऱ्याला पलीकडच्या फलाटावर लागली. पुलाचा जिना चढून यायचं होतं. हाच जिना ती पूर्वी दोन-दोन पायऱ्या टाकत चढायची. वर पोहोचून वाकून हाक मारायची, "आबा, म्हातारा झालास!" आज तिनं कठडा धरला. एक पायरी, मग दुसरा पाय त्याच पायरीवर. मागून उतारू येत होते, बाजूनं निघून जात होते. इसहाक तिच्या पाठीशी, दोन पायऱ्या खाली, हात अर्धवट पुढे करून चढत होता.

मधल्या वळणावर ती थांबली. मागे न बघता म्हणाली, "आबा, हात खाली घे. लोक बघतात."

त्यानं हात खाली घेतले.

वर पोहोचल्यावर ती पुलावर उभी राहिली. खाली रूळ होते, पलीकडे शाळेचं छप्पर, त्यामागे मैदान. तिथं ती रडली. आवाज न करता, कठड्यावर कपाळ टेकून. गंगीबाईनं तिला मिठीत घेतलं. इसहाक पिशवी घेऊन बाजूला उभा राहिला. बापानं अशा वेळी काय करायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

रविवारी चर्चच्या मंडळीत तिच्यासाठी प्रार्थना झाली. वडीलधाऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून पाय पूर्ववत होण्यासाठी मागणं केलं. ती डोळे मिटून बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "आबा, त्यांना सांग, पायांसाठी नको. मला राग येऊ नये म्हणून करा म्हणावं. मला सगळ्यांचा फार राग येतो." जरा वेळानं म्हणाली, "धावणाऱ्या पोरींचा सगळ्यात जास्त."

सोमवारी पहाटे सवयीनं इसहाकला जाग आली. आता कुठं जायचं, म्हणून तो पडून राहिला. तर दारात प्रिस्किला. बूट घातलेले, बगलेत रोलर. "चल ना, आबा. उशीर होतोय."

तो उठला.

मैदानावर तिनं नेहमीच्या जागी सतरंजी अंथरली. हात मागे टेकले, कंबर उचलायला आता कष्ट पडत होते. इसहाक समोर बसला. तळहात ठेवला. पण आता नुसता ठेवला, भार न देता. डावी पोटरी, उजवी पोटरी, मांड्या. सगळं क्रमानं, सरांनी सांगितलं होतं तसं. दुसऱ्या मुली आल्या, लाटून झालं की उठून मैदानाला सावकाश फेऱ्या मारायला लागल्या. प्रिस्किला बसून राहिली.

"झालं," ती म्हणाली.

"आता?"

"आता काही नाही. एवढंच."

त्या आठवड्यात ती दोघं रोज गेली. धावायला निघालेल्या माणसासारखी सगळी तयारी करायची, पाय मोकळे करायचे, आणि मग बसून दुसऱ्यांच्या फेऱ्या बघायच्या. तोडीच्या गोष्टी निघाल्या नाहीत, मामीचा गूळ निघाला नाही. उदेसिंग सर लांबूनच हात करायचे. एकदा जवळ आले, काही म्हणायला गेले, आणि खाली वाकून तिच्या बुटाची सुटलेली नाडी बांधून निघून गेले. एवढा दांडगा माणूस, पण पुढे गेल्यावर त्यांनी रुमाल काढलेला इसहाकला दिसला.

शनिवारी राज्याच्या स्पर्धेसाठी मुली गाडीत बसून गेल्या. त्या दिवशी मैदान रिकामं होतं. प्रिस्किलानं नळी हातात घेतली, खालीवर फिरवली आणि बाजूला ठेवून दिली.

"आबा, मी इथं का येते, माहीत आहे?"

"का?"

"आपलं बोलणं बंद होईल म्हणून भीती वाटते. पाय गेले तर जातील. पण तू पुन्हा मला बघून गप्प होशील, उन्हाळ्यात परत यायचास तसा."

इसहाकला रडू आवरेना. तो तिच्या पायांशीच बसला होता. तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून तो लहान पोरासारखा रडला. ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली, आणि म्हणत राहिली, "असू दे, आबा. असू दे." समजूत कुणी कुणाची घालायची, तेच उलटं झालं होतं.

सोमवारपासून ती मैदानावर गेली नाही. रोलर तिनं सरांकडे पाठवून दिला, दुसऱ्या मुलींच्या कामाला येईल म्हणून. सकाळी दोघं अंगणात चुलीजवळ बसायची, चहा घ्यायची. बोलायची कधी, कधी नाही. बोलणं मैदानावरच्यासारखं वाहत नव्हतं. ओढून आणावं लागायचं. पण इसहाक आणत राहिला.

पावसाळा लागताच तिनं नवापूरच्या कॉलेजात पुन्हा नाव घातलं. धावण्यासाठी सोडलेलं दुसरं वर्ष. पायाला सुरतेहून करून आणलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या, सलवारीखाली दिसत नव्हत्या. पहिल्या दिवशी इसहाक तिला फाट्यापर्यंत सोडायला गेला. काळीपिवळी जीप आली, आधीच भरलेली. पायरी उंच होती. प्रिस्किलानं दांडी धरली, एक पाय वर ठेवला. दुसरा येईना.

आतून चालक ओरडला, "पाय उचल ना, बहीण! टाइम व्हई ऱ्हायना!"

इसहाक पुढे धावला. तोंडात शिव्या आल्या होत्या. पण तो पोहोचायच्या आत प्रिस्किलाचा आवाज आला. मोठा, स्पष्ट, सगळ्या जीपला ऐकू जाईल असा.

"दादा, माझ्या पायांना आजार आहे. मला वेळ लागतो. थांबा."

चालकानं इंजिन बंद केलं. एक बाई सरकली, तिनं हात पुढे केला. प्रिस्किलानं तो धरला, दुसऱ्या हातानं स्वतःची मांडी उचलून पाय वर घेतला आणि आत बसली. घामाघूम झालेल्या चेहऱ्यानं तिनं बापाकडे बघून मान हलवली. जीप निघाली.

इसहाक फाट्यावर उभा राहिला. शेताकडे निघालेल्या, पाड्यावरच्या तापीबाईनं त्याला पाहिलं. डोक्यावरची पाटी सावरत तिनं विचारलं, "काय झालं रे, इसहाक?"

"पोरगी कॉलेजला गेली," तो म्हणाला. आणि त्यानं बाहीनं डोळे पुसले.